पंप सुरू होताना सप्लाय दर वेळी का बसतो? तीन वेळा हात पोळल्यावर जुळलेला हिशेब

गच्चीवर रोपांच्या ट्रेसाठी छोटीशी व्यवस्था केली आहे. फवारणी पंपात असतो तसला १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, त्याच्यापुढे पाण्याचं धुकं करणारे सहा फॉगर आणि शेडनेटखालची दमट हवा बाहेर फेकायला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले १२० मिलिमीटरचे दोन पंखे. पंपाचा जोर आणि पंख्यांचा वेग हवा तसा कमी-जास्त करता यावा म्हणून ॲडजस्टेबल डीसी सप्लाय बनवायचा होता. एका रविवारचं काम, असं आईला सांगितलं होतं. रोपं तिची आहेत. त्यानंतर अडीच महिने ती रोज संध्याकाळी झारी घेऊन गच्चीवर जात होती आणि मला एक शब्दही बोलत नव्हती. ते जास्त लागलं.

या अडीच महिन्यांत सप्लाय तीनदा बसला. पहिल्या दोन वेळा मी "रेग्युलेटर कमी पडला, मोठा लावू" एवढंच निदान केलं आणि दोन्ही वेळा ते अर्धवट होतं. पंप किंवा पंखा चालवताना तुमचंही असंच होत असेल, तर पुढचा चिप घेण्याआधी हे वाचा.

आधी दोन फुकटच्या चाचण्या.

पहिली नळाची. पंप "धक्… धक्… धक्" असा अडखळत असेल तर पुढचे सगळे फॉगर काढून पाणी मोकळं सोडा. अडखळणं थांबलं, तर त्या अडखळण्याचा दोष बहुतेक सप्लायचा नाही. या पंपांच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. पाणी जायला वाट कमी असली की दाब चढतो, स्विच पंप तोडतो, दाब उतरतो, स्विच पुन्हा जोडतो. सेकंदाला एकदा हा खेळ चालू राहतो. मी चारच फॉगर लावून पंप चालवायचो तेव्हा हेच होत होतं आणि मी रात्री अकरा वाजता सप्लायचा कपॅसिटर बदलत बसलो होतो. अर्थात स्विचचा हा खेळ निरुपद्रवी नाही. प्रत्येक जोडणी म्हणजे पंपाचा नवा स्टार्ट, आणि खरी गोम स्टार्टमध्येच आहे. त्याकडे येतोच.

दुसरी चाचणी बॅटरीची. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी घ्या, वायरमध्ये गाडीचा १० अँपिअरचा फ्यूज टाका आणि पंप थेट जोडा. बॅटरीवर पंप झटक्यात उठला आणि सप्लायवर अडखळला, तर दोष सप्लायचा. बॅटरीवरही रडत असेल तर पंप उघडा. आत क्षार साचलेले असतात किंवा बेअरिंग गेलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी बोअरचं असेल तर पैज लावतो, क्षारच निघतील.

माझा पंप बॅटरीवर मस्त चालला. म्हणजे दोष माझ्याकडे होता.

पहिला फटका : एलएम ३१७

पहिलं डिझाइन कॉलेजात शिकलेलं. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट ३ अँपिअर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलएम ३१७ ही रेग्युलेटर चिप. या चिपचं गणित सोपं आहे. आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांत ती कायम १.२५ व्होल्ट राखते, म्हणून तिला जोडलेले दोन रेझिस्टर आर१ आणि आर२ धरले तर आउटपुट = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१). आर१ १२० ओहम आणि आर२ च्या जागी १ किलोओहमचं पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावलं की १.२५ पासून साधारण ११.७ व्होल्टपर्यंत मिळतात. बल्ब लावून पाहिला, सुरेख मंद-तेज झाला. पंप लावला आणि सगळं बिनसलं.

इथे एकाच वेळी तीन गोष्टी चुकत होत्या.

एक, ट्रान्सफॉर्मर. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्ट, ब्रिजमध्ये दीड-दोन गेले, उरले १५. पण कपॅसिटर दोन शिखरांच्या मधल्या काळात रिकामा होत जातो. २ अँपिअर खेचले तर सेकंदाच्या शंभराव्या भागात ४७०० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज चार व्होल्टच्या आसपास खाली येतं. म्हणजे दरीत ११ व्होल्ट. एलएम ३१७ ला इनपुट आणि आउटपुटमध्ये किमान दोन-अडीच व्होल्टचं अंतर लागतं, मग १२ कुठून देणार? शिवाय ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ३ अँपिअर एसीचे. पुढे ब्रिज आणि कपॅसिटर असला की डीसीत त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच धरायचे, म्हणजे १.८. संध्याकाळी घरातलं व्होल्टेज उतरून २०० वर आलं की हे सगळे आकडे आणखी खाली सरकतात. "सकाळी चालतो, संध्याकाळी चालत नाही" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

दोन, चिपची मर्यादाच दीड अँपिअरची. पंपावरच्या लेबलवर २.२ लिहिलेले.

तीन, उष्णता. हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण पंप आणि पंखा यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि "पंख्याला हा सर्किट चालला, मग पंपाला का नाही?" हा प्रश्न मला स्वतःलाच आठवडाभर पडला होता.

पंख्याचा वेग कमी केला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने कमी होतो. म्हणून व्होल्टेज उतरवलं की करंटही भराभर उतरतो. १२ व्होल्टवर ०.३ अँपिअर घेणारा पंखा ७ व्होल्टवर जेमतेम ०.१५ घेतो. रेग्युलेटरने मधले आठ-साडेआठ व्होल्ट खाल्ले तरी उष्णता सव्वा वॅट. बोटाएवढं हीटसिंक पुरे. डायफ्रॅम पंपाचं तसं नाही. त्याला प्रत्येक फेरीत पाणी ठराविक दाबाविरुद्ध ढकलायचं असतं. वेग निम्मा झाला तरी ढकलण्याचा जोर पंख्यासारखा भराभर उतरत नाही, आणि मोटरचा जोर म्हणजे करंट. व्होल्टेज ७ वर आणलं तरी पंप दीड अँपिअर मागतच राहतो. साडेआठ व्होल्ट गुणिले दीड अँपिअर म्हणजे पावणेतेरा वॅट, सगळे त्या नखाएवढ्या चिपमध्ये. उघड्या चिपचं तापमान दर वॅटमागे अंदाजे ५० अंशांनी चढतं. तेव्हा तिने आतून स्वतःला बंद करून घेणं हा तिचा शहाणपणा होता. थंड झाली की चालू, तापली की बंद. दहा मिनिटं चालून थांबणारा आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारा पंप हे त्याचं लक्षण. एलएम ३१७ अशाने सहसा मरत नाही. माझी अजून जिवंत आहे, एक पंखा चालवते.

दुसरा फटका : एलएम २५९६ चं मॉड्यूल

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, लिनिअर सोडा आता, बक घ्या." सल्ला बरोबर होता. बक कन्व्हर्टर हा एलएम ३१७ सारख्या लिनिअर रेग्युलेटरप्रमाणे जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, चालू-बंद करून हवे तेवढेच पुढे देतो. निळ्या पट्टीवरचं ते छोटं मॉड्यूल सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इनपुटला जुन्या लॅपटॉपचा १९.५ व्होल्ट ६५ वॅटचा ॲडॅप्टर लावला. ट्रान्सफॉर्मरचं ओझंही गेलं.

तीन आठवडे छान. मग एका दुपारी आईचा ऑफिसात फोन : "तुझा पंखा विमानासारखा ओरडतोय." घरी पोचेपर्यंत एक पंखा जळाला होता. मॉड्यूलच्या चिपमधला, व्होल्ट चालू-बंद करणारा स्विच शॉर्ट झाला होता आणि ॲडॅप्टरचे पुरे १९.५ व्होल्ट पंख्याला मिळत होते.

आता स्टार्टचं गणित. मोटर थांबलेली असते तेव्हा तिच्यासमोर फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स असतो. फिरायला लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट आवरला जातो. माझ्या पंपाचा वाइंडिंग रेझिस्टन्स मीटरवर १.६ ओहम आला. प्रोब एकमेकींना टेकवून मीटर ०.३ दाखवत होता, ते वजा करून १.३. (हे वजा करायला विसरू नका, इतक्या लहान आकड्यात तो फरक मोठा असतो. आणि शाफ्ट थोडा-थोडा फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, ब्रश कुठे टेकलाय त्यावर आकडा बदलतो.) १२ भागिले १.३ म्हणजे ९ अँपिअरच्या वर. लेबलवर २.२, पहिल्या क्षणी ९. साधा मीटर तो क्षण पकडतच नाही, त्याचा आकडा स्थिरावेपर्यंत मोटर वेगात आलेली असते. म्हणून "मी तर मोजला, दोनच अँपिअर आहेत" असं सगळेच म्हणतात. मीही म्हणालो.

एलएम २५९६ ची क्षमता ३ अँपिअर, तीही हीटसिंक आणि चांगली कॉइल असली तर. उघड्या मॉड्यूलवर दोनच्या वर सतत नेऊ नये. चिपला स्वतःची करंट मर्यादा आहे, पण स्वस्त मॉड्यूलवरची ती छोटी ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल त्याआधीच तृप्त (सॅच्युरेट) होते. तृप्त झालेली कॉइल म्हणजे नुसती तार. मग करंट रोखणारं काही उरत नाही आणि स्विचवर झटके बसत राहतात. एखाद्या स्टार्टने काही होत नाही. पण प्रेशर स्विच दर सेकंदाला नवा स्टार्ट देत असेल तर तीन आठवडे टिकलं हेच नवल म्हणायचं. त्यात बाजारात नकली चिपही फार आहेत. अस्सल चिप १५० किलोहर्ट्झवर चालते, नकलींपैकी बऱ्याच ५० च्या आसपास भेटतात. फ्रीक्वेन्सी कमी म्हणजे तीच कॉइल आणखी लवकर तृप्त.

तिसरा फटका, जो मला सगळ्यात जास्त झोंबला

आता एक्सएल ४०१५ चं मॉड्यूल आणलं. ५ अँपिअरचं, दोन पॉटवालं : एक व्होल्टेजचं, दुसरं करंटचं. पंपाला खरं हवं होतं ते हेच. करंटची मर्यादा ४ अँपिअरवर ठेवली की पंप सुरू होताना मॉड्यूल बंद पडत नाही, फक्त व्होल्टेज खाली आणतं आणि ४ अँपिअर देत राहतं. मोटरला जोर करंटमधून मिळतो, त्यामुळे ती शांतपणे उठते आणि मग व्होल्टेज आपोआप ठरलेल्या जागी येतं.

बकची एक गंमत इथे कामी येते. मोटर थांबलेली असताना आउटपुटला ४ अँपिअर असले तरी वायर धरून व्होल्टेज सातच्या आतच असतं, म्हणजे २७-२८ वॅट. ॲडॅप्टरकडून त्यासाठी जेमतेम १.६ अँपिअर जातात. ६५ वॅटच्या ॲडॅप्टरला ते कळतही नाही. नाहीतर थेट ॲडॅप्टर किंवा पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस (तयार स्विचिंग सप्लाय) जोडला की तो जास्त करंट पाहून बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. पंप उचक्या देतो.

करंट सेट करायची पद्धत : आधी व्होल्टेज ५ वर आणा, करंटचं पॉट डावीकडे बरंच फिरवा (ही पॉट वीस-पंचवीस फेऱ्यांची असतात, दोन फेऱ्यांत काही दिसलं नाही म्हणून बिघडलंय समजू नका), मग मीटर १० अँपिअरच्या रेंजवर थेट आउटपुटला लावून हळूहळू ४ वर न्या. दहा सेकंदांपेक्षा जास्त मीटर तसा ठेवू नका. झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या छिद्रात परत. मी विसरलो आणि त्याच मीटरने ॲडॅप्टर मोजायला गेलो. ठिणगी.

हे सगळं नीट केलं, आणि अकराव्या दिवशी हे मॉड्यूलही गेलं.

यावेळी मात्र नवीन आणलं नाही. मोजत बसलो. मेलेल्या मॉड्यूलच्या जागी मित्राकडून तसंच एक उसनं घेतलं, टेबलावर पंप लावला : करंट बरोबर ४ वर थांबला. गच्चीवर नेऊन जोडलं : थांबेना. तेच मॉड्यूल, तोच पंप, तीच सेटिंग. फरक एवढाच की गच्चीवर पंख्यांचं वेगळं बक होतं आणि एक वायर वाचावी म्हणून मी पंप आणि पंखे दोघांची निगेटिव्ह वायर वर एकत्र करून, खाली दोन्ही मॉड्यूलच्या आउटपुटला जोडली होती.

या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा छोटा रेझिस्टर निगेटिव्ह बाजूला असतो. पट्टीवर "आर०५०" लिहिलेला तो चौकोनी काळा तुकडा, ०.०५ ओहमचा. म्हणजे त्याची इनपुटची निगेटिव्ह आणि आउटपुटची निगेटिव्ह एक नाहीत, मध्ये तो बसलाय. पंख्यांच्या साध्या बकमध्ये मात्र दोन्ही निगेटिव्ह एकच. मी वर दोन्ही जोडल्यामुळे पंपाचा करंट मोजणारा रेझिस्टर टाळून पंख्याच्या मॉड्यूलमधून आरामात ॲडॅप्टरकडे परत जात होता. मॉड्यूलला वाटत होतं, करंट फारसा नाहीच. मर्यादा होती, पण आंधळी.

चाळीस रुपयांची वायर वाचवली होती. दोन निगेटिव्ह वेगळ्या केल्या आणि गच्चीवरही करंट ४ वर थांबायला लागला. पंप लोखंडी चौकटीवर असेल आणि चौकटीला कुठे दुसरी निगेटिव्ह टेकत असेल तरी हेच होतं, तेही तपासा.

आता जे चालू आहे ते

पंपाला एक्सएल ४०१५, पंख्यांना वेगळं एलएम २५९६, दोघांना एकच ॲडॅप्टर, निगेटिव्ह फक्त ॲडॅप्टरपाशी एकत्र. दोन्ही मॉड्यूलच्या इनपुटला ३ अँपिअरचा फ्यूज, आणि आउटपुटला पी६केई१५ए हा टीव्हीएस डायोड. तो १२ व्होल्टला गप्प असतो, १५ च्या आसपास वाहू लागतो. उद्या स्विच पुन्हा शॉर्ट झाला तर टीव्हीएस जाईल, फ्यूज जाईल, पंखे वाचतील.

मोटर तोडताना येणारा उलटा झटका जिरवणारा डायोड प्रेशर स्विचच्या पलीकडे, म्हणजे थेट मोटरच्या टर्मिनलवर हवा. मी आधी तो सप्लायच्या पेटीत लावला होता. स्विच उघडला की मोटर एकीकडे आणि डायोड दुसरीकडे, काही उपयोग नाही, आणि झटका स्विचचे पॉइंट जाळत राहतो. इथे १एन५४०८ चालतो. पण पीडब्ल्यूएमने, म्हणजे सप्लाय भराभर चालू-बंद करून, वेग कमी करणार असाल तर हा फार सुस्त पडतो, तापतो. तिथे शॉट्की हा चपळ डायोड लागतो, १एन५८२२ किंवा त्याहून मोठा.

पीडब्ल्यूएमचा विषय निघालाच तर : ब्रशवाल्या पंपाला तो उत्तम. कॅबिनेटच्या पंख्यांना सप्लायच कापून देऊ नका, त्यांच्या आत स्वतःचं सर्किट असतं, ते गोंधळतं. चार वायरींचा पंखा असेल तर १२ व्होल्ट कायम द्यायचे आणि चौथ्या वायरवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल. आणि पीडब्ल्यूएमसाठी स्विच म्हणून वापरतात त्या आयआरएफझेड ४४ या मॉस्फेटला ५ व्होल्टचा आर्डुइनो बोर्ड नीट उघडू शकत नाही, मॉस्फेट तापून जातो. आयआरएलझेड ४४ घ्या. एका अक्षराचा फरक आहे, दुकानात तपासून घ्या.

व्होल्टेजचं पॉट. फीडबॅक, म्हणजे आउटपुट किती आहे ते चिपला कळवणारी दोन रेझिस्टरची जोडी. मॉड्यूलवरचं पॉट त्यातल्या वरच्या, आउटपुटकडच्या जागी असतं. दमट हवेत त्याचा सरकता पॉइंट सुटला की मॉड्यूल आउटपुट सगळं उघडून टाकतं. म्हणून ते काढलं. वर १० किलोओहम पक्का रेझिस्टर, खाली १.२ किलोओहम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १ किलोओहमचं पेटीबाहेरचं पॉट. आउटपुट ६.९ ते ११.७ व्होल्ट. वायर तुटली तर १.२५ व्होल्टवर येतं आणि पंप नुसता थांबतो. पॉटच्या वायरी बोटभर ठेवा, पिळून घ्या. लांब ठेवल्या तर मॉड्यूल शिट्टी वाजवतं.

खालची मर्यादा मुद्दाम ६.९ ठेवली आहे. त्याखाली माझा पंप दाबाविरुद्ध उठत नाही, नुसता गुणगुणत चार अँपिअर पितो आणि वाइंडिंग भाजतं. पंख्यांची मर्यादा ठरवताना फिरता पंखा कुठे थांबतो ते पाहू नका. थांबलेला पंखा स्वतःहून कुठे उठतो ते पाहा. माझे ४ व्होल्टवर फिरत राहतात, पण उठायला सहाच्या वर लागतात.

वायर राहिलीच. पेटीपासून पंप १० मीटरवर, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर. जाऊन-येऊन २० मीटरचे अर्धा ओहम होतात. चालताना एक व्होल्ट तिथेच जातो. १.५ ची टाकल्यावर निम्मा झाला, आणि पेटीवर ११.७ लावले की पंपाला अकराच्या वर मिळतात.

पावसाळा संपता-संपता पेटी पुन्हा उघडली. जोडण्या कोरड्या होत्या, फक्त इनपुटच्या कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलेलं वाटलं. तो १०५ अंशांचा, त्याच मापाचा पण ५० व्होल्टचा टाकला आणि पेटी भिंतीच्या पूर्वेकडच्या बाजूला हलवली, दुपारचं ऊन तिथे येत नाही. आईने झारी मात्र अजून कोनाड्यातच ठेवली आहे, माळ्यावर टाकलेली नाही.